छोट्या प्रेस शॉपमधील सुरक्षा : मालकाची कायदेशीर कर्तव्ये आणि ती पार पाडण्याचा क्रम

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज या पट्ट्यांत वाहन कारखान्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असे पत्र्याचे शेकडो सुटे भाग छोट्या शेडमध्ये तयार होतात. अशा शेडमध्ये बहुधा पाच-दहा पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी वा वाकवणारी यंत्रे), एखादे शिअरिंग मशीन, दोन-तीन ड्रिल, एक काँप्रेसर आणि वीस ते चाळीस माणसे असतात. मालक पुष्कळदा स्वतःच कधी काळी टूलरूममध्ये किंवा प्रेसवर काम केलेला असतो. त्याला यंत्र कळते, माणसेही कळतात; कायदा मात्र सल्लागाराच्या फायलीत राहतो आणि तपासणीच्या आदल्या दिवशी बाहेर येतो. हे मार्गदर्शन अशा मालकासाठी लिहिले आहे. सुरक्षेची सुरुवात डायपाशी, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापाशी करावी आणि नोंदवह्यांकडे त्यानंतर वळावे, असे माझे ठाम मत आहे, आणि कायदा नीट वाचला तर त्याचाही क्रम तोच दिसतो.

कायदा कोणाकडे बोट दाखवतो

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४८ चा कारखाने अधिनियम धरून तेरा जुने कायदे तिच्यात सामावले गेले. तथापि जुन्या कायद्यांखाली केलेले नियम, उदाहरणार्थ महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३, संक्रमणाच्या काळात संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात. त्यामुळे 'कायदा बदलला, आता जुने काही लागू नाही' असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. आपल्या शेडला आज काय लागू आहे याची खात्री औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या विभागीय कार्यालयातून करून घ्यावी.

संहितेनुसार विजेवर चालणाऱ्या जागेत २० किंवा अधिक कामगार असतील तर ती जागा कारखाना ठरते. वीज नसेल तर हा आकडा ४० आहे. परंतु १२ किंवा १५ माणसांच्या शेडने यावर निश्चिंत होऊ नये, कारण १० किंवा अधिक कामगार असलेली जागा आस्थापना म्हणून संहितेखाली येते आणि मालकाची मूळ कर्तव्ये तिलाही लागू होतात. आपल्या आस्थापनेला संहिता लागू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत तिच्या नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो.

ही मूळ कर्तव्ये कलम ६ मध्ये आहेत. इजा किंवा व्यवसायजन्य आजार होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे हे त्यांतील पहिले. सुरक्षित यंत्रे व कामाच्या सुरक्षित पद्धती, आवश्यक माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख, प्रत्येकाला नेमणूकपत्र, ठरवून दिलेल्या वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी ही त्यापुढची. सुरक्षा किंवा आरोग्यासाठी दिलेल्या कोणत्याही वस्तूचा वा तपासणीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. हातमोज्यांचे वा सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापण्याची जी सवय अनेक ठिकाणी दिसते, ती सरळ बेकायदा आहे.

कंपनी स्थापन केली असेल तर कारखान्याचा भोगवटादार (कायद्यापुढे अंतिम जबाबदार व्यक्ती) हा संचालकांपैकीच कोणीतरी असावा लागतो. मॅनेजरला किंवा सुपरवायझरला भोगवटादार म्हणून पुढे करून संचालकांनी बाजूला होणे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच अमान्य केले आहे. शिवाय आवारातील प्रत्येक माणसाची सुरक्षा मालकाकडे येते, मग तो माणूस तिथे असल्याची मालकाला कल्पना असो वा नसो. प्रेसवर बसलेला मुलगा कंत्राटदाराने पाठवला आहे, किंवा शिकाऊ आहे, किंवा माल घ्यायला आलेला टेम्पोचालक आहे, या सबबी इथे उपयोगी पडत नाहीत.

सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन सामान्य कारखान्यात ५०० कामगारांपासून आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० पासून सुरू होते. तीस माणसांच्या शेडमध्ये असा अधिकारी नसणार. म्हणजेच त्याचे सगळे काम मालकाने स्वतः करायचे आहे.

प्रत्येक प्रेसपुढे उभे राहून यादी करावी

एक वही घ्यावी, सेटरला (प्रेसवर डाय बसवणाऱ्याला) आणि दोन अनुभवी ऑपरेटरना सोबत घ्यावे आणि एकेका प्रेससमोर दहा मिनिटे नुसते पाहत उभे राहावे. ऑपरेटरचा हात डायमध्ये केव्हा जातो, जॉब (घडवायचा तुकडा) आत ठेवताना की बाहेर काढताना, अडकलेला तुकडा तो कशाने काढतो, स्ट्रोक (प्रेसचा एक फटका) पायपट्टीने मारतो की बटणाने, हे लिहून काढावे. ज्या प्रेसवर प्रत्येक स्ट्रोकला हात डायमध्ये जातो, ती प्रेस यादीत सर्वांत वर.

त्यानंतर त्या प्रेसचा क्लच (फिरत्या चाकाचा जोर प्रेसला जोडणारा भाग) कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे, कारण संरक्षणाचा सारा निर्णय त्यावर ठरतो आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. आपल्याकडच्या जुन्या प्रेसमध्ये बहुतेक ठिकाणी की-क्लच किंवा पिन-क्लच, म्हणजे धातूची खुंटी (की) गुंतवणारा क्लच असतो. तो एकदा गुंतला की क्रँकचा पूर्ण फेरा होईपर्यंत सुटत नाही. रॅम (पत्र्यावर दाब देणारा वर-खाली होणारा भाग) खाली येऊन वर जाण्याच्या मधल्या कोणत्याही क्षणी त्याला थांबवता येत नाही. त्यामुळे अशा प्रेसवर लाइट कर्टन (डायपुढचा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवणे निरुपयोगी आहे. किरण तुटल्याचा संकेत मिळाला तरी प्रेस थांबूच शकत नाही, आणि ऑपरेटरला मात्र खोटा भरवसा मिळतो. की झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली तर पायपट्टी न दाबताच दुसरा स्ट्रोक बसतो. हा दुहेरी स्ट्रोक बोटे जाण्याचे फार मोठे कारण आहे, आणि दोन हातांची बटणे लावली तरी त्याच्यापासून बचाव होत नाही, कारण पहिल्या स्ट्रोकनंतर हात बटणांवरून निघालेले असतात.

की-क्लच प्रेसवर भरवशाचे दोनच मार्ग आहेत. पहिला आणि उत्तम मार्ग म्हणजे डायच्या भोवती पक्का बसवलेला गार्ड. पत्रा आत सरकेल पण बोट शिरणार नाही एवढीच फट ठेवायची, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, आणि गार्ड पाना घेतल्याशिवाय निघू नये. पट्टीतून वॉशर कापण्यासारख्या ब्लँकिंगच्या कामाला हा गार्ड सहज चालतो आणि त्याचा खर्चही फारसा नसतो. दुसरा मार्ग इंटरलॉक गार्डचा. तो बंद झाल्याशिवाय क्लच गुंतत नाही आणि क्रँक पूर्ण फिरून थांबल्याशिवाय उघडत नाही. सुटे तुकडे एकेक करून ठेवावे लागतात अशा कामाला हा घ्यावा, आणि त्याच्या जोडीला सरकता फीडर, घसरण किंवा चुंबकी चिमटा द्यावा, म्हणजे हात डायपर्यंत नेण्याची गरजच उरत नाही. नुसता चिमटा हातात देऊन गार्ड टाळणे मात्र चालणार नाही. घाईत चिमटा बाजूला पडतो, हे प्रत्येक सेटरला माहीत असते.

हवेवर चालणारा न्यूमॅटिक क्लच-ब्रेक असेल तर रॅम मध्येच थांबवता येतो आणि तिथे लाइट कर्टन किंवा दोन हातांची बटणे उपयोगी पडतात, मात्र अंतर मोजूनच. हात सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे जातो असे धरतात. संकेत मिळाल्यापासून रॅम पूर्ण थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर तेवढ्या वेळात हात ४०० मिलिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून कर्टन डायपासून किमान तेवढा दूर हवा, आणि त्याच्या किरणांमधील अंतर जास्त असेल तर आणखी दूर. मी पाहिलेल्या कित्येक प्रेसवर कर्टन डायपासून हातभरही लांब नव्हता, कारण तो बसवणाऱ्याने थांबण्याचा वेळ कधी मोजलाच नव्हता. ब्रेकचे लायनर झिजले की हा वेळ वाढतो, म्हणून तो ठरावीक मुदतीने पुन्हा मोजून नोंदवावा. दोन हातांच्या बटणांत एक बटण पट्टी लावून कायमचे दाबून ठेवता येणार नाही, दोन्ही एकाच वेळी दाबावी लागतील आणि प्रत्येक स्ट्रोकला दोन्ही सोडावी लागतील, अशी जोडणी असावी. प्रेसवर दोघे काम करत असतील तर बटणांच्या दोन जोड्या हव्यात.

पायपट्टीवर वरून झाकण नसेल तर ते आजच बसवावे. वरून पडलेला जॉब किंवा चुकून टेकलेला पाय एवढ्यानेही स्ट्रोक बसतो. फ्लायव्हील (प्रेसचे जड फिरते चाक), बेल्ट, गिअर यांवर जाळी हवी. ड्रिलवर काम करणाऱ्याच्या हातात सुती मोजे नसावेत, कारण बिट मोज्याला धरते आणि हात ओढून घेते.

यंत्राचा धोका यंत्रावरच थांबवण्यावर मी इतका भर का देतो, त्याला एक अनुभव कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका शेडमधल्या अपघाताच्या चौकशीत मला मदतीला बोलावले होते. रात्रपाळीत एका ऑपरेटरची दोन बोटे गेली होती आणि अहवालात कारण म्हणून 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे आधीच लिहून ठेवले होते. प्रेस उघडली तेव्हा क्लचची स्प्रिंग तुटलेली सापडली. डायला जॉब बाहेर ढकलणारा इजेक्टर नव्हता, त्यामुळे दर पाच-सहा स्ट्रोकला तुकडा अडकत होता आणि तो काढता यावा म्हणून गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. तिघा ऑपरेटरनी जॉब अडकत असल्याचे सुपरवायझरला सांगितले होते. पीस-रेटवर (नगागणिक मजुरीवर) काम चालू होते, तेव्हा थांबून दुरुस्ती मागणाऱ्याचीच कमाई बुडणार होती. त्या मुलाने जे केले ते त्या प्रेसवर बसणारा कोणीही केले असते. म्हणून गार्ड काढलेला दिसला तर ऑपरेटरला रागावण्याआधी तो का काढावा लागला हे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत ती प्रेस बंद ठेवावी.

डाय बदलणे आणि दुरुस्ती

सेटर डाय बसवतो तेव्हा गार्ड निघालेले असतात आणि त्याचे डोके, खांदे, दोन्ही हात रॅमखाली असतात. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील कितीतरी वेळ फिरत राहते आणि त्या फिरण्यातही एक पूर्ण स्ट्रोक मारण्याइतका जोर असतो. त्यामुळे क्रम ठरवून तो प्रेसवरच मराठीत व हिंदीत लिहून लावावा: मोटर बंद करणे, फ्लायव्हील पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहणे, मेन स्विच खाली करून त्याला कुलूप घालणे व किल्ली सेटरच्या खिशात ठेवणे, हवेची लाइन बंद करून आतली हवा सोडून देणे, आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ न देणारा ठोकळा) लावल्यावरच हात आत घालणे. ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात किल्ली, हा नियम मालकानेही मोडू नये. एका स्विचवर दोघे काम करत असतील तर दोन कुलुपे लावावीत.

चेन पुली ब्लॉक, स्लिंग, होइस्ट, काँप्रेसरची हवेची टाकी यांची तपासणी ठरलेल्या मुदतीत मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडून करून घ्यावी लागते. उचलण्याच्या साधनांची किमान दर बारा महिन्यांनी. तपासणीला येणारी व्यक्ती टाकी न पाहताच प्रमाणपत्र देत असेल तर ते स्वीकारू नये.

माणसांना शिकवणे

प्रेस शॉपमध्ये मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा ठिकाणांहून आलेली माणसे एकत्र काम करतात. इंग्रजीत छापलेल्या सूचना त्यांच्यासाठी नसल्यासारख्याच असतात. पहिल्या दिवशी नव्या माणसाला थेट प्रेसवर बसवू नये. त्याला त्याला समजणाऱ्या भाषेत, त्याच प्रेसपुढे उभे करून, गार्ड कशासाठी आहे, स्ट्रोक मध्येच थांबतो की नाही, जॉब अडकला तर कोणाला हाक मारायची हे दाखवावे आणि मग त्याच्याकडून ते करून घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलाला पॉवर प्रेसच्या जवळही कामाला लावू नये. कोणाला कोणत्या प्रेसवर, कोणत्या तारखेला, कोणी शिकवले हे दोघांच्या सहीने लिहून ठेवावे.

गंभीर धोका समोर दिसत असेल तर तसे मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क संहितेने कामगाराला दिला आहे, आणि मालकाने तत्काळ उपाय करणे बंधनकारक आहे. हा हक्क कामगारांना मालकाने स्वतः सांगावा. धोका सांगणाऱ्याचे पैसे बुडू नयेत म्हणून प्रेस बंद असलेल्या वेळेची मजुरी द्यावी. पीस-रेटवर चालणाऱ्या शेडमध्ये यापेक्षा परिणामकारक उपाय माझ्या पाहण्यात नाही.

आवाज आणि कान

बोट गेले तर ते सर्वांना दिसते. ऐकू येणे हळूहळू जाते आणि ते घरच्यांच्या आधी कोणाच्या लक्षात येत नाही. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे. ९५ डेसिबलला चार तास, १०० ला दोन तास, आणि ११५ च्या वर क्षणभरही कानांच्या संरक्षणाशिवाय कोणाला उभे करता येत नाही. अनेक प्रेस एकाच पत्र्याच्या शेडखाली चालत असतील तर आवाज एकदा मोजून घ्यावा. कामगारांना इअरप्लग द्यावेतच, पण त्याआधी प्रेसखाली रबरी पॅड, पडणाऱ्या तुकड्यांच्या घसरणीला आतून रबर, सैल गार्ड घट्ट करणे असे उपाय करावेत. नोकरीच्या सुरुवातीला प्रत्येकाची ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घेतली नाही तर पुढे झालेले नुकसान ओळखताच येत नाही. आवाजामुळे आलेला बहिरेपणा हा सूचित आजार आहे आणि तो आढळल्यास अधिकाऱ्यांना कळवणे हे कर्तव्य आहे.

विमा आणि कागद

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराची कर्मचारी राज्य विम्यात नोंद नेमणुकीबरोबरच करावी. मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. अपघात घडल्यावर घाईने नोंद करण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्यात मालकाने केलेली फसवणूक उघडी पडतेच, शिवाय जखमी माणसाचे पैसेही अडकतात. नोंद वेळेत असेल तर कामाच्या अपघातात तात्पुरत्या अक्षमतेच्या काळात त्याला वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि अपंगत्व कायमचे असेल तर नियमित लाभ सुरू होतो. या विम्याबाहेरील कामगाराची नुकसानभरपाई थेट मालकावर येते.

बाकी कागदांत नेमणूकपत्रे, हजेरी व ओव्हरटाइमच्या नोंदी, प्रेसनिहाय तपासणीचे तक्ते, प्रशिक्षणाच्या नोंदी, आरोग्य तपासणीचे अहवाल हे महत्त्वाचे आहेत. सर्व प्रेस एकाच तारखेला, एकाच पेनाने 'ठीक' असे लिहिलेला तक्ता न्यायालयात मालकाच्याच विरुद्ध जातो.

अपघात झालाच तर

सर्वप्रथम जखमेवर स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावे आणि हात उंच धरावा. तुटलेले बोट शोधून ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये, त्याने पेशी मरतात आणि बोट पुन्हा जोडण्याची शक्यता जाते. बोटे जोडण्याची शस्त्रक्रिया होणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच चौकशी करून त्याचा क्रमांक भिंतीवर लावलेला असावा. सोबत मालकाने किंवा जबाबदार माणसाने जावे. 'घरी पडलो असे सांग' असे जखमी माणसाला कधीही शिकवू नये, त्याने त्याचे विम्याचे लाभच बुडतात.

मृत्यू झाला, किंवा इजेमुळे माणूस ४८ तास अथवा त्याहून जास्त काळ काम करू शकणार नसेल, तर विहित नमुन्यात संबंधित अधिकाऱ्याला सूचना देणे बंधनकारक आहे. शरीराचा कोणताही भाग कायमचा गमावणे ही संहितेच्या व्याख्येनुसार गंभीर इजा आहे, म्हणजे बोटाचे पेरही त्यात येते. कर्तव्यात कसूर केल्याने अशी इजा झाल्याचे ठरले तर एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन ते चार लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाची किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

प्रेस आहे त्या स्थितीत ठेवून फोटो काढावेत, मगच क्लच आणि ब्रेक उघडून तपासावेत, आणि त्या पाळीतील प्रत्येकाशी सुपरवायझर हजर नसताना बोलावे. चौकशीच्या अहवालात 'निष्काळजीपणा' हा शब्द वापरू नये. कोणता भाग बिघडला, कोणता गार्ड कधीपासून नव्हता, कोणी केव्हा सांगितले होते, एवढेच लिहावे. तशाच इतर प्रेसमध्ये तोच दोष आहे का हे त्याच दिवशी पाहावे. प्रेस पुन्हा सुरू करण्याच्या कागदावर पहिली सही मालकाची असावी, आणि ती करण्याआधी त्याने स्वतः तिच्यावर बसून नव्या गार्डसह पहिले पन्नास जॉब काढावेत.